डायल एकीकडे, अँटेना भलतीकडे: जुन्या रोटर कंट्रोलरचं एक प्रकरण

(घर, माणसं आणि गावाची ओळख बदलली आहे. मोजमापं आणि घटनाक्रम तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातलं दुमजली घर. मालक निवृत्त मराठी गृहस्थ; त्यांना आपण काका म्हणू. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घर घेतलं तेव्हाच छतावर अँटेना होता. तो फिरवणारा रोटर खांबावर, आणि दिवाणखान्यात टीव्हीशेजारी त्याचा कंट्रोल बॉक्स, म्हणजेच कंट्रोलर. वर गोल डायल, त्यावर दिशा, मध्ये काटा. हव्या त्या दिशेला डायल फिरवायची, की बॉक्समधून टक-टक आवाज येत काटा सरकत जातो आणि छतावरचा अँटेना त्याच्यासोबत फिरतो. घरापासून एक शहर ईशान्येला, दुसरं नैर्ऋत्येला, आणि दोन्हीकडचे टॉवर साधारण सारख्याच अंतरावर. त्यामुळे रोटरला पर्याय नव्हता.

केबल टीव्ही पसरण्याआधी असे रोटर अमेरिकेत बऱ्याच घरांवर होते. अलायन्स, कॉर्नेल-डुबिलिअर, चॅनल मास्टर ही त्यांतली ठळक नावं. बाहेरून सगळे सारखेच दिसतात, पण अँटेना कुठे तोंड करून उभा आहे हे कंट्रोलरला कळण्याची रीत प्रत्येकाची वेगळी. काही चार तारांचे रोटर दर काही अंशांनी एक पल्स (विजेचा क्षणिक ठोका) खाली पाठवतात आणि बॉक्समधला सोलेनॉइड (वीज मिळाली की खेचणारा विद्युतचुंबक) काट्याला एकेक घर पुढे ढकलतो. तीन तारांच्या अनेक जोड्यांत बॉक्सच्या आतच एक छोटी सिंक्रोनस मोटर असते. वरची मोटर आणि ही, दोन्ही विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेल्या, म्हणून एकत्र सुरू होतात, एकत्र थांबतात. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या भारी रोटरमध्ये पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलणारा भाग) असतो आणि खालचं मीटर त्याचं व्होल्टेज वाचून दिशा दाखवतं. नव्या डिजिटल कंट्रोलरपैकी बरेच फक्त वेळ मोजतात: इतके सेकंद मोटर चालली, म्हणजे इतके अंश झाले असणार.

काकांचा रोटर पल्सवाला, चार तारांचा. पुढचं सगळं यावरच फिरतं.

अडचण

तक्रारी दोन होत्या, आणि त्या एकाच दमात सांगितल्या गेल्या. थंडीच्या दिवसांत सकाळी डायल फिरवली की वरून नुसती घरघर, अँटेना जागचा हलत नाही; दुपारी ऊन पडलं की निमूट फिरतो. दुसरी तक्रार अशी, की काटा ईशान्य दाखवतो आणि बाहेर जाऊन पाहिलं तर अँटेना जवळजवळ पूर्वेला.

ॲनालॉगच्या काळात ही दुसरी तक्रार काकांनी कदाचित मनावर घेतली नसती. अँटेना थोडा चुकला तर चित्रावर मुंग्या यायच्या, बातम्या तरी दिसायच्या. १२ जून २००९ ला अमेरिकेतल्या पूर्ण क्षमतेच्या स्टेशनांचं ॲनालॉग प्रक्षेपण थांबलं. डिजिटलमध्ये सिग्नल ठरावीक पातळीच्या वर असेपर्यंत चित्र स्वच्छ, आणि त्याखाली गेला की काहीच नाही. लांबच्या स्टेशनसाठी लावलेल्या अरुंद झोताच्या यूएचएफ (टीव्हीच्या वरच्या फ्रिक्वेन्सींच्या) अँटेनाला वीस-तीस अंशांची चूक पुरते. पुढे २०१७ ते २०२० या काळात अनेक स्टेशनांना नवे चॅनल दिले गेले. तेव्हा एका आवडत्या स्टेशनचा सिग्नल या घराशी आधीपेक्षा कमी येऊ लागला आणि उरलीसुरली सवलतही संपली.

मी यात पडायच्या आधीच काकांच्या भाच्याने उत्साहाने रिमोटवाला नवा डिजिटल कंट्रोलर मागवला होता. तो तीन तारांचा. जुन्या चारपैकी तीन तारा जोडल्या, मोटर फिरली, सगळ्यांना हायसं वाटलं. मग उत्तरेकडून दक्षिणेला जायला सांगितलं तर अँटेना दक्षिण ओलांडून कितीतरी पुढे.

याचा हिशोब कागदावर मांडला की भाच्याचा नवा कंट्रोलर बिघडलेला नव्हता हे कळतं. तो स्वतःच्या जोडीदार रोटरचा वेग गृहीत धरतो. समजा तो रोटर पूर्ण फेरीला ७० सेकंद घेतो आणि काकांचा जुना ६० सेकंद. अर्ध्या फेरीसाठी कंट्रोलर ३५ सेकंद वीज देणार, आणि तेवढ्यात जुना रोटर २१० अंश फिरणार. ३० अंशांची चूक, तीही दर खेपेला. शिवाय पल्सवाल्या रोटरची मोटर सिंक्रोनस नव्हती. वाऱ्यात, थंडीत तिचा वेग पडतो, म्हणजे चूकही रोज वेगळी. तारा जोडल्या आणि मोटर फिरली की जोडी जुळली, या समजुतीने असे बरेच कंट्रोलर विकले जातात आणि परत येतात.

तपासणी

पहिला नियम: घरात बसून जेवढं कळेल तेवढं कळून घ्यायचं, मगच शिडी.

बॉक्स उघडण्यापूर्वी प्लग काढला. हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला २४ व्होल्टच्या आसपासच असतात म्हणून लोक बेफिकीर राहतात. पहिल्या बाजूला घरची पूर्ण वीज असते. या बॉक्सला फ्यूज नव्हता, अर्थिंग नव्हतं, आणि आत शिरते तिथे वायर वाकवली की तिचं रबर तडकून सुटत होतं. ती वायर त्याच दिवशी बदलली, फ्यूज घातला. बाकी काही दुरुस्त होवो न होवो, हे काम टाळण्यासारखं नव्हतं.

मग कपॅसिटर. रोटरच्या मोटरला दोन वाइंडिंग (तारेची वेटोळी) असतात. एकाला थेट वीज मिळते, दुसऱ्याला कपॅसिटरमधून थोडी पुढेमागे झालेली. त्या फरकावर मोटरला फिरण्याचा जोर मिळतो, आणि कोणत्या वाइंडिंगला थेट दिली त्यावर दिशा ठरते. कपॅसिटर म्हातारा झाला की हा जोर गळतो. मोटर घरघरते, ढकललं तर हलते, नाहीतर नाही. काकांच्या बॉक्समधल्यावर १४० मायक्रोफॅरड छापलं होतं. मीटरवर ५२ आलं. नवा घालताना तो ध्रुव नसलेला आणि एसीचा असावा लागतो. दोन साधे इलेक्ट्रोलिटिक पाठीला पाठ लावून बसवायची युक्ती प्रसिद्ध आहे. एखादा दिवस वेळ मारून न्यायला ठीक, कायमची नको. रोटर एका वेळी मिनिटभर चालतो, त्यामुळे मोटर स्टार्टसाठी मिळणारा १३०–१५६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर इथे चालतो, आणि त्याची ११० व्होल्टची क्षमता पुरून उरते. २४ व्होल्टची मोटर आहे म्हणून २५ व्होल्टचा कपॅसिटर घालू नये. अशा जोडणीत कपॅसिटरच्या टोकांवर पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज चढतं.

कपॅसिटर बदलल्यावर रोटर दणक्यात फिरला. काका म्हणाले, "झालं की रे काम! उगाच नवीन घेत होतो."

काटा मात्र अजून मागे पडत होता.

आता संशय तिघांवर: बॉक्समधला सोलेनॉइड, केबल, किंवा वर रोटरमधला पल्सचा स्विच. त्यातला पहिला बाद करायला मीटरही लागत नाही. केबलच्या चारही तारा टर्मिनल पट्टीवरून सोडवल्या, डायल लांबच्या दिशेला फिरवून ठेवली आणि वायरच्या तुकड्याने पल्सचं आणि सामाईक (सगळ्यांच्या परतीच्या तारेचं) टर्मिनल क्षणभर जोडलं. टक. काटा एक घर पुढे. पुन्हा टेकवलं, पुन्हा टक. पूर्ण फेरी असं केलं, एकही टक चुकली नाही. बॉक्स निर्दोष. ज्या बॉक्सला घालवायची तयारी चालली होती, त्याच्यात कपॅसिटर आणि वायर सोडून खोट नव्हती.

मग केबल. सुटलेल्या तारांवर ओहम मोजले: सामाईक ते डावं वाइंडिंग ६, सामाईक ते उजवं ६, डावं ते उजवं १०. दोन वाइंडिंग मिळून बारा यायला हवेत असं वाटतं, पण पहिल्या दोन मोजण्यांत केबलची जाऊन-येऊन लांबी दोनदा धरली जाते, तिसऱ्यात एकदाच. म्हणजे १२ वजा १० हे जे २ ओहम उरले, तो केबलचा जाण्यायेण्याचा रोध. २० गेजच्या (गेज म्हणजे जाडीचा क्रमांक; आकडा लहान तितकी तार जाड) तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला ३३ ओहमच्या आसपास. घरातून खांबापर्यंत सुमारे ३० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २ ओहम. हिशोब तंतोतंत बसला. तीन तारा आणि दोन्ही वाइंडिंग ठणठणीत, आणि हे खुर्चीत बसून कळलं.

राहिली चौथी तार. पल्सच्या स्विचचे कॉन्टॅक्ट टेकलेल्या जागी तिच्यात आणि सामाईक तारेतही २ ओहमच दिसायला हवे. रोटर जरा-जरा सरकवून, दर वेळी वीज तोडून मोजलं. एकदा १५, एकदा ४०, एकदा जोडच तुटलेला. बिघाड बॉक्सच्या पलीकडे होता: चौथी तार, तिचा वरचा जोड किंवा स्विचचा कॉन्टॅक्ट. खालून एवढंच कळणार होतं.

याचा धोका काट्यापुरता नव्हता. पल्स मुळीच आली नाही तर बॉक्सच्या लेखी अँटेना हललेलाच नाही. तो वीज देत राहतो, रोटर शेवटच्या अडसराला जाऊन टेकतो आणि मोटर तिथे तापत बसते. म्हणून काकांना सांगितलं, टक-टक थांबली आणि घरघर चालू राहिली तर लगेच बंद करा.

पर्याय

तसाच जुना बॉक्स विकत घेणं हा पर्याय आधी चर्चेत होता. तपासणीनंतर तो आपोआप गळाला, कारण बॉक्सचा दोषच नव्हता, आणि जुन्या बाजारातल्या बॉक्समध्येही तेवढाच म्हातारा कपॅसिटर असतो.

भाच्याचा नवा कंट्रोलर जुन्या रोटरला लावून ठेवायचा? त्याला फेरीचा वेळ बदलून देण्याची सोय नव्हती. असती तरी थंडीत वेग पडणाऱ्या मोटरची दिशा वेळेवरून मोजणं म्हणजे रोज नवी चूक.

रोटरच काढून टाकून दोन दिशांना दोन अँटेना पक्के बसवायचे, हा माझ्या मते सगळ्यांत कमी कटकटीचा मार्ग होता. फक्त दोन्ही एका स्प्लिटरला (एका सिग्नलचे दोन करणाऱ्या जोडणीला) उलटं जोडून एकत्र करू नयेत: सिग्नल घटतो, आणि एकच स्टेशन दोन्हीकडून वेगवेगळ्या वेळी शिरून ट्यूनरला गोंधळात टाकतं. दोन कोएक्स (अँटेनाचा सिग्नल टीव्हीकडे आणणाऱ्या केबल) खाली आणून मध्ये साधा स्विच बसवला की भागतं. यात एरवी ध्यानात न येणारा फायदाही आहे. रोटर असलेल्या घरात टीव्हीचं ऑटो स्कॅन (चॅनल आपोआप शोधणं) हे डोकेदुखी असतं. अँटेना ईशान्येला असताना स्कॅन केलं तर पुष्कळ टीव्ही नैर्ऋत्येची जुनी यादी पुसून टाकतात. जुनी यादी तशीच ठेवून फक्त नवे चॅनल जोडायची सोय सगळ्या टीव्हींत नसते.

काका याला तयार नव्हते. कारण ऐकल्यावर मीही आग्रह सोडला. रात्री हवा जुळून आली की ते डायल फिरवत लांबलांबची स्टेशनं शोधत बसतात. "दोनच दिशा ठेवायच्या तर मग केबलच घेतली असती ना," असं त्यांचं म्हणणं. गरज काय आहे हे आपण टॉवरच्या नकाशावरून ठरवलं होतं. घरमालकाला विचारायला हवं होतं, आणि ते भाच्याने कंट्रोलर मागवण्यापूर्वीच.

उरले दोन: वर चढून जुन्या रोटरचा जोड-स्विच साफ करणं, किंवा चढायचंच आहे तर रोटर बदलणं.

निर्णय आणि काम

निर्णय फिरवला तो थंडीने. कपॅसिटर नवा असूनही एका गारठलेल्या सकाळी रोटर रेंगाळत फिरला. गिअरमधलं वंगण थिजलेलं असणार, आणि ते छतावर दुरुस्त होत नाही. रोटर खाली आणून उघडावा लागतो. खाली आणायचाच तर एकाच चढाईत नवा चढवावा, असं ठरलं. सिंक्रोनस मोटरचा तीन तारांचा रोटर घेतला, भाच्याच्या त्याच कंट्रोलरचा जोडीदार. म्हणजे भाच्याची खरेदीही वाया गेली नाही.

चढण्याचं काम अँटेना बसवणाऱ्या व्यावसायिकाला दिलं. काकांचं वय, दुमजली उतार आणि खांबापासून फार लांब नसलेली विजेची लाइन पाहता यावर चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. त्यानेच खांबाचं अर्थिंग पाहिलं. अमेरिकेच्या विद्युत संहितेचं कलम ८१० त्यासाठी तांब्याची तार असेल तर ती किमान १० गेजची मागतं. इथली जुनी तार तुटून लोंबत होती.

चढण्याआधी नवा रोटर आणि कंट्रोलर जमिनीवर, केबलच्या छोट्या तुकड्याने जोडून दोन्ही टोकांपर्यंत फिरवला. मग अडसराला टेकलेल्या स्थितीतच ठेवला आणि अँटेना त्या टोकाच्या दिशेला तोंड करून कसला. ही पायरी वगळली तर डायलवरची उत्तर आणि खरी उत्तर कधीच भेटत नाहीत. होकायंत्र लोखंडी खांबाजवळ भरवशाचं नसतं, शिवाय चुंबकीय आणि भौगोलिक उत्तरेतला फरक अमेरिकेच्या दोन टोकांना दहा अंशांहून जास्त आहे. म्हणून शेवटची जुळणी नकाशावरून काढलेल्या टॉवरच्या दिशेने आणि टीव्हीवरच्या सिग्नल मीटरने केली: भाचा खालून आकडे ओरडतोय, वरचा माणूस अँटेना बोटभर हलवतोय. कोएक्सला पूर्ण फेरी घेता येईल एवढा ढिला वेढा ठेवला. केबलही नवीनच टाकली.

निकाल

दोन्ही शहरांची स्टेशनं येतात आणि थंडीत रोटर अडत नाही. कंट्रोलर वीज गेल्यावर किंवा खूप छोट्या-छोट्या हालचालींनंतर थोडा भरकटतो. त्याला टोकापर्यंत नेऊन परत आणलं की हिशोब जुळतो. काका हे अधूनमधून करतात. रिमोट त्यांना आवडलेला नाही. एका वादळात दिशा पुन्हा बिघडली, तेव्हा पहिला आरोप कंट्रोलरवर आला. प्रत्यक्षात अँटेनाचा क्लॅम्प खांबावर घसरला होता. रोटरच्या वर काय घसरलं हे पल्स, वेळ, सिंक्रोनस मोटर यांपैकी कशालाच कळत नाही. टोकापासून फिरवूनही चूक दर वेळी नेमकी तेवढीच राहिली, तर क्लॅम्प पाहावा.

काय वेगळं करता आलं असतं

खाली आणलेला जुना रोटर मी टेबलावर उघडला. टर्मिनलच्या झाकणाखाली चौथ्या तारेचा स्क्रू हिरवा पडला होता आणि तारेचे दोन-तीनच तंतू धरून होते. स्विचचा कॉन्टॅक्ट थोडा काळवंडलेला, एवढंच. स्क्रू घासला, तार नव्याने बसवली, जुन्या बॉक्सला जोडलं आणि पूर्ण फेरीत एकही टक चुकली नाही. ग्रीस मात्र खरोखरच मेणासारखी झाली होती. ती खरवडून नवी घातल्यावर रोटर थंडीतही चालण्याजोगा झाला.

काकांनी विचारलं, "मग तो खाली का आणला आपण?"

प्रश्न रास्त आहे. काट्याची तक्रार छतावरच, एका स्क्रूवर मिटली असती. ग्रीसची मिटली नसती. पण कपॅसिटर नवा घातल्यावर रोटर अडत नव्हता, रेंगाळत होता, आणि दिशा वेळेवरून नव्हे तर पल्सवरून मोजणाऱ्या जोडीला रेंगाळण्याने फरक पडत नाही. काकांना जुनी डायल प्रिय होती हे धरलं तर स्क्रू साफ करून आणखी एक हिवाळा पाहणं हा वाजवी निर्णय ठरला असता. माझं मत तरीही बदलीकडेच झुकतं. अर्थिंग आणि केबल यांच्यासाठी चढाई होणारच होती, आणि दुसऱ्यांदा चढायचं तर तो सगळा खर्च पुन्हा.

हा निर्णय छतावर, झाकण उघडून घेता आला असता. चढणाऱ्याला आधीच सांगून ठेवायला हवं होतं: रोटरचे बोल्ट सोडण्यापूर्वी टर्मिनलचं झाकण उघड, चौथ्या तारेचा फोटो पाठव. मग रोटरपाशी पल्सची आणि सामाईक तार सोडव आणि दोन्हींची टोकं एकमेकांना जोडून ठेव. खाली त्या दोन तारांवर २ ओहम आले तर केबल निर्दोष. मग उरतो फक्त जोड आणि स्विच, आणि ब्रश मारून ते तिथेच पाहता येतं. त्याच्या खिशात ब्रश होता.